गिरणगावच्या मुलांचा इतिहास कोण जमवणार? : मुंबईतील ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळांचे सर्व सदस्य,
मुंबई शहर व उपनगरांतील सार्वजनिक ग्रंथालये.

स.न.वि.वि.

आपल्या बहुतेक ग्रंथालयांत बालविभाग आहे आणि त्या विभागात ऐतिहासिक पुस्तकांचे एक कपाट असते. शिवाजी महाराज, तानाजी, बाजीप्रभू, पहिला बाजीराव, झाशीची राणी अशी नावे तिथे ओळीने भेटतात आणि मुले ती पुस्तके आवडीने घरी नेतात. त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. महापालिकेच्या शाळेत शिकवत असताना मीही ती पुस्तके वर्गात मोठ्याने वाचली आणि निवृत्तीनंतर गिरणगावातल्या एका ग्रंथालयात शनिवारी दुपारी जमणाऱ्या मुलांना आजही वाचून दाखवते. परंतु ज्या मुलाचे पणजोबा कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, उभे राहिले आणि परळच्या एका खोलीत गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपले, त्या मुलाला स्वतःच्या घरापर्यंत येऊन पोचणारा इतिहास त्या कपाटात क्वचितच सापडतो. हा इतिहास मुलांसाठी लिहिला जावा आणि त्याची सुरुवात ग्रंथालयांनी करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लेखक, प्रकाशक आणि शाळा सोडून ही विनंती ग्रंथालयांकडेच का, हे पटवून देण्यासाठी मला एका ग्रंथपालाचे आयुष्य आपल्यापुढे थोडे विस्ताराने ठेवावे लागेल.

आर्ना बॉन्टेम्प्स यांचा जन्म १३ ऑक्टोबर १९०२ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील अलेक्झांड्रिया या गावी झाला. वडील गवंडी होते, आई लग्नापूर्वी शाळेत शिकवत असे. कृष्णवर्णीय कुटुंबाला दक्षिणेत जो जाच रोजचाच होता, तो असह्य होऊन वडिलांनी बिऱ्हाड कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसला हलवले, तेव्हा आर्ना जेमतेम तीन-चार वर्षांचे होते. आई लवकर वारली. मुलाच्या वाट्याला दोन पुरुष आले, आणि त्या दोघांच्या ओढाताणीतून पुढचा लेखक व ग्रंथपाल घडला. एक वडील, ज्यांना दक्षिणेतले सगळे मागे टाकायचे होते, आणि दुसरा आजीचा धाकटा भाऊ बडी. तो आयुष्यात फारसे काही मिळवू न शकलेला, पिणारा माणूस होता. पण भुताखेतांच्या, शेतमळ्यांवरच्या, जुन्या धर्मोपदेशकांच्या गोष्टी तो त्याच बोलीत, त्याच ठेक्यात सांगे. बडीच्या सहवासात मुलगा बिघडेल असे वडिलांना वाटे. त्यांनी मुलाला जवळजवळ सगळीच मुले गोरी असलेल्या एका वसतिगृही शाळेत घातले आणि निघताना बजावले की तिथे काळ्यांसारखे वागू नकोस.

या प्रसंगाशी मी मुद्दाम थांबते, कारण मुंबईतल्या कितीतरी घरांत मी हे पाहिले आहे. गिरणी बंद पडल्यावर ज्यांनी वॉचमनची, कुरिअरची, सुरक्षा कंपनीची नोकरी धरली, त्यांच्यातले अनेक बाप आपल्या मुलांसमोर गिरणीचे नाव काढत नाहीत. तो काळ त्यांना मानहानीचा वाटतो आणि मुलाने इंग्रजी शाळेत जाऊन तो विसरावा अशी त्यांची मनापासून इच्छा असते. त्याच घरात पलंगाच्या कडेला बसलेल्या आजोबांना भोंग्याच्या वेळा, जॉबरची, म्हणजे मुकादमांची, नावे आणि गणपतीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात गाणाऱ्या शक्तीवाल्यांच्या ओळीसुद्धा तोंडपाठ असतात. बापाचा राग समजण्यासारखा आहे. पण त्यामुळे मुलाच्या हाती काही उरत नाही. बॉन्टेम्प्स यांनी मोठेपणी लिहिले की, एका हाताने विसरायला लावणारे वडील आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवणारा बडी यांपैकी आपल्याला दुसऱ्याची बाजू घ्यावी लागली.

१९२४ साली ते न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शिक्षक म्हणून आले. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते. हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा होती. १९२६ साली त्या ग्रंथालयाने आर्थर शोंबर्ग यांचा संग्रह विकत घेतला. शोंबर्ग पोर्तो रिकोहून आलेले, एका बँकेच्या टपाल विभागात काम करणारे गृहस्थ होते. काळ्या लोकांना इतिहास नसतो असे लहानपणी शाळेत ऐकावे लागले, असे ते सांगत, आणि त्या एका वाक्याला उत्तर म्हणून त्यांनी पगारातून वाचवून आयुष्यभर पुस्तके, पत्रके, हस्तलिखिते आणि चित्रे गोळा केली. जागा नाही, निधी नाही, अनुदान वेळेवर येत नाही, या आपल्या अडचणी खऱ्या आहेत आणि मला त्यांची जाणीव आहे. तरीही जगातल्या एका मोठ्या संग्रहाची सुरुवात एका पगारदार कारकुनाने केली, हे आपल्यासारख्या संस्थांनी लक्षात घ्यावे असे मला वाटते.

१९३१ मध्ये बॉन्टेम्प्स अलाबामात हंट्सव्हिल येथील एका धर्मसंस्थेच्या शाळेत शिकवू लागले. त्याच वर्षी नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचा खोटा आळ घालून स्कॉट्सबरो खटला उभा राहिला आणि पुढे जवळच्याच डेकेटर गावात त्याची सुनावणी झाली. वातावरण इतके तापले की टपालाने पुस्तके मागवणाऱ्या, न्यूयॉर्कचे मित्र घरी येणाऱ्या या शिक्षकाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. शाळाप्रमुखांनी त्यांना सांगितले की निष्ठा सिद्ध करायची असेल तर आपल्याजवळची, काळ्यांच्या हक्कांविषयीची पुस्तके सर्वांसमक्ष जाळावीत. त्यांनी नकार दिला आणि १९३४ साली बायकामुलांसह, हातात नोकरी नसताना, ते गाव सोडले.

मात्र गाव सोडण्यापूर्वी एक गोष्ट घडली होती आणि माझ्या विनंतीचा सगळा आधार त्या गोष्टीवर आहे. ते मित्रांना भेटायला टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात गेले असताना तिथल्या ग्रंथालयात त्यांना गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या आत्मकथनांचा मोठा साठा सापडला. हा साठा आपोआप जमला नव्हता. तेच शोंबर्ग काही काळ फिस्कमध्ये संग्रहाचे काम पाहत होते. बॉन्टेम्प्स झपाटल्यासारखे ती कथने वाचत राहिले. त्यांतून त्यांना १८०० साली व्हर्जिनियातील रिचमंडजवळ उठावाची तयारी करणारा गेब्रिएल नावाचा लोहार सापडला. उठावाच्या रात्री प्रचंड वादळी पाऊस झाला, रस्ते व पूल वाहून गेले, बेत फुटला आणि गेब्रिएल फासावर गेला. लॉस एंजेलिसला वडिलांच्या लहानशा घरात, टेबलाला जागा नसल्याने शिलाई मशीनच्या मिटलेल्या पाटावर कागद ठेवून, त्यांनी त्याच्यावर कादंबरी लिहिली. ‘ब्लॅक थंडर’ या नावाने ती १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. समीक्षकांनी ती वाखाणली, पण घरखर्चाला पुरेल इतके तिने दिले नाही.

मुलांसाठी ते आधीपासूनच लिहीत होते. लँग्स्टन ह्यूज या कवी मित्राबरोबर हैतीतल्या दोन भावंडांची गोष्ट त्यांनी १९३२ सालीच लिहिली होती. आता मात्र ते या लेखनाकडे निश्चयाने वळले. आपल्या पिढीच्या मोठ्या माणसांना गंभीरपणे काही सांगणे व्यर्थ ठरते आहे. माणसाने माणसाशी केलेल्या क्रौर्याविषयी ज्यांची मने अजून निबर झालेली नाहीत अशा वाचकांपर्यंत पोचले पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली होती. शिकागोत शिक्षकी करत, लेखन करत ते शेवटी विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात बसले. नाव झालेला कादंबरीकार वयाच्या चाळिशीत वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकायला बसतो, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. १९४३ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली आणि त्याच वर्षी, ज्या ग्रंथालयाने त्यांना गेब्रिएल दिला होता, त्या फिस्कच्या ग्रंथालयाचे ते प्रमुख झाले. पुढची दोन दशके ते त्या जागेवर राहिले.

या वर्षांत त्यांनी काय केले, हे आपल्यासारख्यांनी बारकाईने पाहावे. त्यांनी माणसांना पत्रे लिहिली. दिवंगत लेखकांच्या घरच्यांना, जुन्या मित्रांना, ज्यांचे लेखन प्रकाशक घेईनासे झाले होते अशा लेखकांना ते लिहीत राहिले की तुमचे कागद फेकू नका, आमच्याकडे द्या. कृष्णवर्णीय कथा-कादंबरीकार चार्ल्स चेसनट यांचे कागद असे फिस्कला आले. लेखक जीन टूमर यांची अप्रकाशित हस्तलिखिते पुष्कळ वर्षे तिथेच सांभाळली गेली. आणि ग्रंथपालाच्या खुर्चीत बसूनच त्यांनी मुलांसाठी लिहिले. कृष्णवर्णीयांचा आफ्रिकेपासूनचा इतिहास मुलांना सांगणारे त्यांचे पुस्तक १९४८ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतील न्यूबेरी सन्मान मिळाला. तो मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक होते. १९५१ मध्ये त्यांनी ‘चॅरियट इन द स्काय’ ही कुमारांसाठीची ऐतिहासिक कादंबरी लिहिली. तिचा विषय होता त्यांच्याच संस्थेचे जुबिली गायक.

त्या गायकांची हकीकत थोडक्यात सांगते. गुलामगिरी संपल्यावर, १८६६ मध्ये, मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी फिस्क सुरू झाले ते लष्कराच्या जुन्या बराकींत. पाच वर्षांत संस्था बंद पडायच्या बेतात आली, तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ऑक्टोबर १८७१ मध्ये गायनाच्या दौऱ्यावर निघाले. शेतमळ्यांवर राबणाऱ्यांची आपली गाणी परक्यांसमोर म्हणायला सुरुवातीला हे विद्यार्थी संकोचत होते, कारण त्या गाण्यांना गुलामीचा वास होता. शेवटी तीच गाणी त्यांना इंग्लंडच्या राणीपर्यंत घेऊन गेली आणि त्या पैशातून त्यांच्या विद्यापीठाची पक्की इमारत उभी राहिली. राणी व्हिक्टोरियापुढे ते गायले ते साल १८७३. त्याच साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. आपल्या शहरातले शाळकरी मूल रविवारी उशिरा उठते, तेव्हा त्यामागे लोखंडे आहेत, हे सांगणारी एखादी चांगली कुमार कादंबरी त्याच्या हाती द्यावी म्हणून मी शोधत आले आहे, आणि अजून मला ती मिळालेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १९५ इमारतींमधली कुटुंबे शंभर वर्षांच्या खोल्या सोडून टॉवरमध्ये जात आहेत किंवा जाणार आहेत. नवे घर मिळते आहे याचा आनंद मोठा आहे आणि तो त्यांच्या हक्काचा आहे. पण खोली रिकामी करताना माळ्यावरची ट्रंक खाली येते, आणि ती बहुतेक वेळा थेट भंगारवाल्याकडे जाते.

अशीच एक ट्रंक एका आजींनी जवळच्या ग्रंथालयात द्यायला नेली होती. आम्ही पुस्तके घेतो, असले कागद घेत नाही, असे सांगून तिथून त्यांना परत पाठवण्यात आले. ते ग्रंथालय कोणते हे मी लिहिणार नाही, कारण तेच उत्तर त्यांना इतरत्रही मिळाले असते. ती ट्रंक सध्या माझ्या घरी आहे. तिच्यात गिरणीचा हजेरीपास आहे, पगाराची खाकी पाकिटे आहेत, भजनी मंडळाची एक वही आहे आणि गावी पाठवलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या तारेत ओवून ठेवलेल्या आहेत. वहीच्या शेवटच्या पानांवर अभंग संपून वाण्याच्या उधारीचा हिशेब सुरू होतो : तांदूळ, गोडेतेल, रॉकेल, पुन्हा तांदूळ. आजींची परवानगी घेऊन मी हे कागद शनिवारच्या मुलांसमोर मांडले. सातवीतल्या एका मुलीने पावत्यांवरच्या तारखा लावून पाहिल्या आणि विचारले की, १९८१ च्या दिवाळीनंतर पावत्या का नाहीत? मग तिला त्यापुढची आंतरदेशीय पत्रे सापडली. गावाहून आलेल्या त्या पत्रांत, तांदळाचे पोते एस.टी.ने पाठवले आहे, पोरांना मे महिन्यात इकडे धाडा, शाळेचे इथे बघू, असा मजकूर होता. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, हे वाक्य पाठ्यपुस्तकात घालता येईल. पण पैसा गावाकडे जायचा तो थांबला आणि तांदूळ गावाकडून यायला लागला, हे त्या मुलीला त्या कागदांनी सांगितले. तिचा पुढचा प्रश्न असा होता की ती मुले गावच्या शाळेत गेली का, आणि त्यांना तिथे करमले का. ऐतिहासिक कादंबरीला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. मात्र कागद रद्दीत गेले असते, तर तो प्रश्नच उद्भवला नसता.

म्हणून माझी पहिली विनंती आहे की आपल्या ग्रंथालयाने परिसरातल्या घरांचे असे कागद स्वीकारावेत. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. एक बंद होणारे लोखंडी कपाट, जुन्या दप्तरखान्यांत असत तसे सुती रुमाल, कसर व वाळवीपासून जपणूक आणि स्वतंत्र दाखल नोंदवही एवढ्यावर सुरुवात होते. देणाऱ्याचे नाव, खोली कोणत्या चाळीत होती, कागद कोणाचे, आणि मुलांना ते पाहू द्यायचे की नाहीत याविषयी घरच्यांची इच्छा, इतके नोंदवले म्हणजे पुढच्या अभ्यासकाचे व लेखकाचे निम्मे काम झाले. जी पत्रे खासगी आहेत ती परत द्यावीत किंवा मोहोरबंद ठेवावीत. लालबाग-परळपुरते हे मर्यादित नाही. वरळी-माहीमचे कोळीवाडे, माझगावची गोदी, घाटकोपरच्या चिरागनगरासारख्या वस्त्या, कामाठीपुऱ्यातल्या जुन्या गल्ल्या, प्रत्येक ठिकाणच्या माळ्यांवर काही ना काही आहे.

दुसरी विनंती बालविभागाच्या माणसाविषयी आहे. आज बहुतेक ठिकाणी देवघेवीच्या खिडकीवर बसलेला सेवकच संध्याकाळी तासभर बालविभागाचे कुलूप काढतो. त्याचा दोष काहीच नाही. तुटपुंज्या वेतनात तो दोन माणसांचे काम करतो. परंतु मुलांना पुस्तक सुचवणारे, त्यांच्या प्रश्नामागे जाणारे, गोष्ट सांगणारे माणूस हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळे शिक्षण लागते. आपल्या ग्रंथालय संघांतर्फे जे प्रमाणपत्र वर्ग चालतात, त्यांत बालग्रंथपालनाला पुरेसा वेळ मिळावा असा ठराव आपण मंडळांनी संघाकडे पाठवावा. ज्या ग्रंथालयांचा दर्जा ‘अ’ आहे, त्यांनी निदान एक पूर्णवेळ बालग्रंथपाल नेमण्याचा विचार करावा आणि तोपर्यंत शेजारच्या दोन-तीन लहान ग्रंथालयांनी मिळून एक व्यक्ती ठेवावी. महाराष्ट्राने १९६७ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, ही आपल्या अभिमानाची बाब आहे. त्या कायद्याच्या आधारावर उभ्या असलेल्या संस्थांनी मुलांना केवळ सभासदसंख्या वाढवणारे वाचक मानू नये.

तिसरी गोष्ट खर्चाची आहे आणि ती मी संकोच न करता लिहिते. आपल्यापैकी अनेक ग्रंथालये दरवर्षी व्याख्यानमाला भरवतात. एखाद्या वर्षी तिच्यातली दोन व्याख्याने कमी करून ते मानधन एका तरुण लेखकाला किंवा लेखिकेला द्यावे. त्या व्यक्तीने वर्षभर आपल्या संग्रहात बसावे, बालविभागातल्या मुलांना प्रकरणे वाचून दाखवावीत आणि परिसराच्या इतिहासावर कुमारांसाठी एक कादंबरी लिहावी. काय लिहायचे आणि काय वगळायचे, हे मंडळाने सांगू नये. गिरणगावाच्या इतिहासात संप आहे तसेच फितुरी आहे, जातीची खोली वेगळी ठेवणारी चाळ आहे आणि खानावळ चालवून घर सावरणाऱ्या बायका आहेत. हे सगळे दहा-बारा वर्षांच्या मुलाला झेपते, असा माझा वर्गातला आणि ग्रंथालयातला अनुभव आहे.

बॉन्टेम्प्स ४ जून १९७३ रोजी नॅशव्हिललाच वारले. निवृत्तीनंतर शिकागो आणि येल येथे शिकवून, संग्रह सांभाळून ते शेवटी फिस्कला परतले होते आणि तिथे लिहीत होते.

आपल्या पुढच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत हा विषय घ्यावा आणि जमल्यास वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडावा. कागदांची यादी करणे, रुमाल बांधणे, मुलांबरोबर बसणे यासाठी मी आणि शनिवारच्या वर्गाच्या काही पालकांनी वेळ देण्याचे ठरवले आहे. वर लिहिलेली ट्रंक ज्या ग्रंथालयाला हवी असेल, त्याला ती आजींच्या संमतिपत्रासह लगेच देता येईल. त्यांनी घातलेली अट एकच आहे : मुलांनी मागितले तर कागद कपाटाबाहेर काढून दाखवावेत.

आपली विश्वासू,
गिरणगावातील एक वाचक व निवृत्त शिक्षिका